टिनमधल्या मांसाचं खोकं घरात पडलंय? मग ते असं संपवा

टिनमधल्या मांसाचे एक-दोन डबे घरात असले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. खोकंच येऊन पडलं की मात्र रोज ते डोळ्यांसमोर येतं. आणि आपल्या ठाणे-नवी मुंबईत अशी खोकी येऊन पडायला निमित्तं भरपूर. इथे गल्लोगल्ली ट्रेकिंगचे ग्रुप आहेत. हिमालयातली मोहीम रद्द झाली की उरलेली रसद कुणाच्या तरी घरी जाऊन बसते. कुणाचे नातेवाईक आखातातलं घर गुंडाळून परत येतात, कुणाला ‘तारीख जवळ आली’ म्हणून अर्ध्या किमतीत पेटीच्या पेटी मिळते. आमच्या नेरूळच्या घरात भाच्याच्या ग्रुपची रसद आली. लंचन मीट, म्हणजे दळलेल्या खारवलेल्या मांसाची डब्यातली वडी, सगळ्यात जास्त, त्याखालोखाल तेलातला ट्यूना, टोमॅटो सॉसमधली सार्डिन, खाऱ्या पाण्यातलं थोडं चिकन आणि सॉसेजेस.

“मावशी, तुझ्याकडे माळा आहे ना, तिथे ठेव.”

“अरे, माळ्यावर ठेवलं तर ते तुझ्या नातवंडांनाच सापडेल.”

म्हणून ते खाली राहिलं आणि संपवलंही. ते कसं, ते सविस्तर लिहिते.

सुरुवातीलाच एक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टिनमधल्या मांसाला मटण समजू नका. मटण रश्श्यात शिजताना आपली चव सोडतं आणि मसाला आत घेतं. डब्यातलं मांस डबा बंद झाल्यावर साधारण १२१ अंश सेल्सिअसच्या आसपास, दाबाखाली शिजवलेलं असतं. आपल्या घरच्या कुकरमध्ये शिट्टीच्या दाबाला जवळपास तेवढंच तापमान असतं. म्हणजे ते पूर्ण शिजून, मीठ पिऊन तयार झालेलं असतं. त्याला आता मसाला शोषायला जागा नाही आणि रश्श्याला द्यायला मिठाशिवाय फारसं काही नाही. पुन्हा कुकरला लावलं तर लगदा होतो.

त्याची जागा सोडे, सुकट, खारा बांगडा यांच्या पंगतीत आहे. मूठभर सोडे वांग्या-बटाट्यात पडले की भाजीचा नूर बदलतो, पण ताटभर नुसते सोडे कुणी खायला बसत नाही. टिनचंही तसंच: भाजी, भात, डाळ, बटाटा हे मुख्य आणि डबा चवीपुरता. एवढं पटलं की खोकं आपोआप संपायला लागतं. कारण मग ते रविवारच्या मटणाशी स्पर्धा करत नाही, बुधवारच्या कोबीला मदत करतं.

आधी सगळे डबे जमिनीवर

वर्तमानपत्र पसरा आणि खोकी रिकामी करा. प्रत्येक डबा हातात घेऊन बघायचा. कंटाळवाणं काम आहे, पण यात कुचराई नको.

फुगलेला डबा, मग झाकण फुगलेलं असो की तळ, थेट बाद. बोटाने दाबल्यावर झाकण ‘टक’ करून आत-बाहेर होत असेल तरी बाद. आत जंतू वाढले की वायू धरतो, त्याने डबा फुगतो. त्यातला सगळ्यात वाईट जंतू क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. हवा नसलेल्या आणि आंबट नसलेल्या ठिकाणी तो फोफावतो, आणि मांसाचा डबा नेमका तसाच असतो. त्याच्या विषाला दर वेळी वास किंवा चव असतेच असं नाही. म्हणून ‘जरा वास घेऊन बघू’, ‘जिभेला लावून बघू’ हा आपला नेहमीचा खाक्या इथे अजिबात चालत नाही. उकळून खाऊ, हाही हिशेब नको.

पोचा गेलेला डबा असेल तर पोचा कुठे आहे ते पाहा. अंगावर उथळ पोचा असेल तर चालतो. पोच्यात बोट बसेल इतका खोल असेल, किंवा वरच्या-खालच्या कडेवर, उभ्या शिवणीवर असेल, तर डबा टाका. गंजाचं तसंच आहे. कोरड्या फडक्याने पुसून गेला तर तो वरवरचा. पुसूनही खड्डा राहत असेल किंवा शिवणीवर पसरला असेल तर नको. आमच्याकडे, म्हणजे खाडीच्या या दमट पट्ट्यात, पावसाळ्यात पत्रा फार लवकर गंजतो. सिंकखालचं कपाट आणि बाल्कनी या दोन जागा टिनसाठी सगळ्यात वाईट. स्वयंपाकघराबाहेरच्या कपाटात, भिंतीला न टेकवता, खाली वर्तमानपत्र घालून ठेवा. गॅसच्या वरच्या कपाटातही नको, तिथे उष्णता साठते.

टाकायचे डबे उघडू नका. दोन पिशव्यांत घट्ट बांधून, कचरा उचलणाऱ्या माणसाला सांगून द्या.

आता तारखा. वेष्टनावर ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ असेल तर ती शेवटची तारीख, त्यापुढे वाद नाही. ‘बेस्ट बिफोर’ ही चवीची हमी असते. डबा ठणठणीत असेल तर त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी त्याचं विष होत नाही, पण ज्याची तारीख आधी तो आधी वापरायचा. जाड मार्करने महिना आणि वर्ष झाकणावर मोठ्या आकड्यात लिहा. छापील तारीख तळाला बारीक अक्षरात असते आणि रात्री आठ वाजता चष्मा शोधत ती कुणी वाचत नाही.

त्याच वेळी घटकांची यादीही वाचून घ्या. ‘लंचन मीट’ एवढ्या नावाने ते कशाचं आहे हे कळत नाही. कोंबडीचं असतं, डुकराचं असतं, काही परदेशी डब्यांत गोमांसही असतं. कोण काय खात नाही हे घराघराचं वेगळं. पाहुण्यांना वाढायच्या आधी हे माहीत असायला हवं, वाढल्यावर नाही. आम्ही झाकणावर तारखेखाली ‘को’ किंवा ‘डु’ असंही लिहून टाकलं.

मिठाचा हिशेब

डब्यावर मीठ नाही, सोडियम लिहिलेलं असतं. त्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. उदाहरण म्हणून अमेरिकेत १९३७ साली बाजारात आलेलं, जगभर पसरलेलं ‘स्पॅम’ नावाचं लंचन मीट घेऊ. ३४० ग्रॅमचा डबा, त्यात दर ५६ ग्रॅमला साधारण ७९० मिलिग्रॅम सोडियम. म्हणजे पूर्ण डब्यात जवळपास १२ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. एक डबा चौघांत वाटला तर फक्त त्यातूनच प्रत्येकी ३ ग्रॅम झालं. वर पाव, लोणचं, पापड आलेच. म्हणून माझा हिशेब असा की डबा सहा जणांचा. घरात चारच माणसं असतील तर अर्धा-पाऊण डबा घ्यायचा, बाकीचा फ्रीझरमध्ये.

आणखी तीन गोष्टी सांभाळा. पदार्थात मीठ घालायचंच नाही. शेवटी चाखून लागलं तर चिमूट. विकतचे तयार मसाले वापरत असाल तर पाकीट उलटून पाहा, पावभाजी मसाल्यासारख्या पुष्कळ मसाल्यांत आधीच मीठ असतं. आणि लंचन मीट फारच खारट लागलं तर बोटभर काप करून उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून ते पाणी ओतून टाका. मीठ सगळं जात नाही, पण खारटपणाची धार कमी होते.

चरबीही काही कमी नाही. त्याच स्पॅममध्ये वजनाच्या पावहिश्शाहून जास्त चरबीच असते. म्हणून कढईत तेल घालायचं नाही, ते मांसच तेल सोडतं.

लंचन मीट, सॉसेज, हॅम हे सगळं ‘प्रक्रिया केलेलं मांस’ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये अशा मांसाला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असा त्यांचा अंदाज आहे. हे घाबरवायला लिहीत नाही. पण खोकं संपवायचं म्हणून रोज मुलांच्या डब्यात लंचन मीट देऊ नका. बऱ्याच डब्यांची मुदत वर्षांची असते. आठवड्यातून एकदा प्रक्रिया केलेलं मांस, एकदा मासळीचा डबा, एवढा वेग पुरे. रक्तदाबवाल्यांच्या ताटात मासळीचाच वाढा, तोही निथळून.

वार, श्रावण आणि मासेमारी बंदी

परदेशी पाककृतींत नसलेली अडचण आपल्याकडे आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार कुणी ना कुणी पाळतं. मंगळवारी चतुर्थी येऊ शकते. रविवारी ताजं मटण किंवा मासळी आणायची सोडून डबा उघडायला कुणी तयार होत नाही, आणि ते बरोबरच आहे. उरले बुधवार आणि शुक्रवार. कामावरून थकून आल्यावर तासाभरात जेवण लागतं ते याच दिवशी, आणि टिनची खरी उपयुक्तता तिथेच आहे.

वर्षाचा हिशेबही मांडून घ्या. जून-जुलैत मासेमारी बंदी असते, बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यात ताजी मासळी कमी आणि भाव चढे. ट्यूना आणि सार्डिनचे डबे त्या दोन महिन्यांसाठी राखून ठेवा. मग गटारी, आणि त्यानंतर श्रावण लागला की बऱ्याच घरांत सगळंच बंद. पुढे गणपती, नवरात्र आहेतच. ज्या डब्यांची मुदत ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये संपते ते आषाढातच उघडायला लागतील. कॅलेंडरशेजारी कागद चिकटवून त्यावर हे लिहून ठेवा, नाहीतर श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात पाच डबे एकदम समोर येतात.

लंचन मीट: किसणीवर

लंचन मीटचे जाड काप करून तळायचे, ही डब्यावरची सूचना. एकदा खायला बरं, दुसऱ्यांदा कंटाळा. आपल्या जेवणात ते बसवायचं तर त्याचा खिमा करायचा, आणि त्यासाठी किसणी लागते.

डबा तासभर फ्रीजमध्ये किंवा वीसेक मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. गार झाला की आतली चरबी घट्ट होते आणि वडी सबंध बाहेर येते. येत नसेल तर डब्याच्या दोन्ही बाजू दाबून, कडेने सुरी फिरवून आपटा. किसणीची मोठी भोकं वापरा. सुरुवातीला गाजरासारखा सुटा गुलाबी कीस पडतो. हाताच्या उबेने शेवटचा तुकडा चिकट होऊन भोकांत अडकायला लागला की थांबा, तेवढा सुरीने बारीक चिरा. कीस कोरड्या लोखंडी कढईत मध्यम आचेवर टाका, तेल नाही. पहिली दोन मिनिटं तो गोळा होऊन बसतो आणि वाटतं बिघडलं. हलवत राहा. मग कडेने चरबी सुटते, कढई चरचरायला लागते, कीस मोकळा होतो आणि टोकांना तांबूस रंग चढतो. डब्याचा तो ओळखीचा ओला वास जाऊन भाजल्याचा वास आला की काम झालं. गुलाबीपणा पूर्ण जात नाही. मांस टिकवायला घातलेल्या सोडियम नायट्राइटचा तो रंग आहे, कच्चेपणाचा नाही. सुटलेली चरबी चमच्याने वाटीत काढा, त्यातली दोन चमचे पुढच्या फोडणीला, बाकीची टाकून द्या.

हा भाजलेला कीस म्हणजे तुमचं भांडवल. यातून काय काय होतं ते सांगते.

खिमा-पाव. ३४० ग्रॅमच्या एका डब्याला तीन मोठे कांदे, दोन टोमॅटो, मोठी वाटीभर मटार, दोन बटाट्यांच्या बारीक फोडी. काढून ठेवलेल्या चरबीत कांदा चांगला लाल करा, चमचाभर आलं-लसूण, तीन-चार हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा हळद, चमचाभर आगरी मसाला किंवा घरात असेल तो तिखट मसाला. टोमॅटो गळला की बटाटा आणि मटार घालून, अर्धी वाटी पाणी घालून झाका. बटाटा शिजल्यावरच कीस घाला, पाचच मिनिटं परता. शेवटी लिंबू किंवा चमचाभर व्हिनेगर, कारण आंबट आलं की खारटपणा मागे सरतो. वर भरपूर कोथिंबीर आणि कच्चा कांदा. सहा जणांना पावाबरोबर पोटभर होतं.

पॅटिस. ठाण्यातल्या जुन्या सीकेपी घरांत खिमा पॅटिस ही मानाची गोष्ट, त्या सुगरणींनी मला माफ करावं. पण हेच सारण कोरडं परतून, बिनमिठाच्या उकडलेल्या बटाट्याच्या पारीत भरून, रव्यात घोळवून तव्यावर भाजलं तर पाहुण्यांना सांगावं लागतं की हे डब्यातलं आहे. बटाट्यात मीठ नाही हे मात्र विसरू नका. सारणच दोघांचं मीठ पुरवतं. पारी फुटत असेल तर बटाट्यात ब्रेडचा एक स्लाइस भिजवून पिळून घाला.

थालीपीठ हा माझा सगळ्यात आवडता उपयोग. दोन वाट्या भाजणीला पाव डब्याचा भाजलेला कीस, एक बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, तीळ, तिखट, मीठ शून्य. कोमट पाण्याने मळून पातळ थापा. भाजणीतल्या डाळी खारटपणा गिळून टाकतात आणि कीस जिथे तव्याला लागतो तिथे खमंग ठिपके पडतात. बरोबर दही किंवा लोण्याचा गोळा. भाजणी तेवढी उपासाची नको.

कारलं. यासाठी जपानच्या दक्षिण टोकाच्या ओकिनावा बेटांना धन्यवाद द्यायला हवेत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे अमेरिकी लष्कराचे तळ पडले, त्यांच्याबरोबर डब्यातलं मांसही बेटांवर रुजलं, आणि तिथल्या बायकांनी ते आपल्या रोजच्या कारल्यात घातलं. कारलं, टोफू, अंडं आणि लंचन मीट एकत्र परतलेली ‘गोया चॅम्पुरू’ तिथली आज घरोघरची भाजी आहे. आपल्याकडे जमते ती अशी: तीन मध्यम कारली पातळ चकत्या करून मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवा, मग दोन पाण्यांनी धुऊन घट्ट पिळा. अर्धा डबा लंचन मीट काडेपेटीच्या काड्यांसारखं चिरून कोरड्या कढईत कुरकुरीत करा, बाजूला काढा. त्याच चरबीत उभा चिरलेला कांदा आणि कारलं मोठ्या आचेवर परता. कारलं कडेने तपकिरी झालं की मांस परत घाला, दोन अंडी फेटून ओता, अंडं धरलं की लगेच गॅस बंद. किंचित गूळ घातला तर आमच्या पिढीला बरं वाटतं. कडू, खारट, तेलकट हे तीन एकमेकांना सांभाळून घेतात. गरम भाताबरोबर खा.

कोबी, फरसबी, फ्लॉवर यांत मूठभर भाजलेला कीस घालायचा, एवढंच. पाककृती लागत नाही. शिळ्या भाताला किंवा शिळ्या पोळीला फोडणी देताना तर हा कीस असला की मुलं हाक न मारता येतात. रश्श्यात आणि बिर्याणीत मात्र घालू नका. मीठ भातात उतरतं, मांस बेचव होतं आणि दोन्ही वाया जातात.

ट्यूना आणि सार्डिन

ट्यूना म्हणजे आपला कुपा आणि सार्डिन म्हणजे तारली, त्यामुळे इथे परकं काही नाही. डब्यातल्या मासळीला फक्त गरम करायचं आहे, शिजवायचं नाही. जास्त शिजवली की कोरडा भुसा.

ट्यूनाचं सुकं असं करते. दोन डबे निथळून घ्या. तेलातला असेल तर ते तेल फोडणीला वापरा, खाऱ्या पाण्यातला असेल तर पाणी सिंकमध्ये, झाडांना घालू नका. त्या तेलात आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून तांबूस करा, दोन कांदे बारीक चिरून परता, दीड चमचा आगरी मसाला, हळद, चार आमसुलं, पाव वाटी पाणी. उन्हाळ्यात आमसुलाऐवजी कैरीच्या फोडी घाला, जास्त चांगलं लागतं. मसाला तेल सोडायला लागला की ट्यूना घाला, मोठे तुकडे मोडू न देता अलगद कालवा, तीन मिनिटं झाका. वरून अर्धी वाटी ओलं खोबरं आणि कोथिंबीर. तांदळाची भाकरी हवीच. वांग्याच्या फोडी आधी परतून घेतल्या तर तेच सुकं आठ जणांना पुरतं.

सार्डिनच्या डब्यातला टोमॅटो सॉस फेकू नका, तोच रस्सा. थोड्या तेलात लसूण, हिरवी मिरची, चार-पाच ठेचलेली तिरफळं, तिखट, मग डब्यातला फक्त सॉस आणि तेवढंच पाणी. सॉस गोडसर असतो, म्हणून दोन आमसुलं लागतातच. उकळी आली की तारल्या अलगद सोडा आणि डाव लावू नका. कढईचे कान धरून गोल हलवा. काटे दाबाखाली शिजून इतके मऊ झालेले असतात की चावून खाता येतात, आणि त्यातून कॅल्शियम मिळतं. दहा मिनिटांत तिखलं तयार.

या जातीच्या मासळीची एक काळजी. उघडलेला ट्यूना, बांगडा किंवा तारली उन्हाळ्यात ओट्यावर तासन्‌तास राहिली तर त्यात हिस्टामिन तयार होतं. तोंड लाल होणं, पुरळ, डोकं दुखणं असा त्रास होतो आणि पुन्हा गरम केल्याने ते जात नाही. डबा उघडला की कढईत किंवा फ्रीजमध्ये, तिसरी जागा नाही.

चिकन आणि सॉसेजेस

खाऱ्या पाण्यातलं चिकन हा सगळ्यात निरुपद्रवी आणि सगळ्यात बेचव प्रकार. त्याचे धागे सुटतात, त्यामुळे पुलावात शेवटी मिसळा किंवा मुगाच्या मऊ खिचडीत, वर तूप-लसणाची फोडणी. डब्यातलं पाणी चाखून पाहा. फार खारट नसेल तर निम्मं ते आणि निम्मं साधं पाणी घेऊन त्यात खिचडी शिजवा, मीठ वगळा.

सॉसेजेसची गंमत व्हिनेगरमध्ये आहे. चकत्या करून धुऊन घ्या. काश्मिरी मिरची, लसूण, जिरं, मिरी, दोन लवंगा व्हिनेगरमध्ये वाटून त्यात चकत्या अर्धा तास मुरवा, मग भरपूर कांद्यावर कोरड्या होईपर्यंत परता. गोव्याच्या चोरिसची सर येत नाही, पण पावात घालून खाताना तिची आठवण येते. अंड्याच्या भुर्जीतही दोन चकत्या चालतात.

उघडलेला डबा

उघडताना हलकासा ‘फुस्’ होणं साहजिक आहे, आतल्या पोकळीत हवा शिरते. पण आतून फेस आला, फवारा उडाला किंवा वास आंबूस आला तर तो डबाही बाद, आणि ओटा व हात साबणाने धुवा. रिंग ओढून उघडणाऱ्या झाकणाची कड पात्यासारखी असते. फडक्याने धरा, मुलांच्या हातात देऊ नका.

उरलेलं मांस डब्यातच ठेवून वर ताटली झाकायची सवय मोडा. काचेच्या किंवा स्टीलच्या झाकणाच्या डब्यात काढा, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस. आपल्या हवेत तापमान ३२ अंशांपलीकडे असतं तेव्हा शिजवलेला पदार्थही बाहेर तासाभराहून जास्त नको.

लंचन मीट फ्रीझरमध्ये चांगलं राहतं, पण वडी अख्खी नको. भाजलेला कीस गार करून एका वेळेपुरत्या छोट्या पिशव्यांत, चपटा करून ठेवा, वर तारीख. गोठलेली पट्टी मोडून थेट कढईत टाकता येते. एका रविवारी दुपारी दोन डबे किसून भाजून ठेवले की पुढचे काही बुधवार सुटतात. दोन महिन्यांत वापरा. ट्यूना मात्र गोठवू नका, सुटल्यावर पाणचट होतो.

रिकामा डबा गरम साबणाच्या पाण्याने धुऊन सुक्या कचऱ्यात. न धुता टाकला तर रात्री झुरळं आणि सकाळी मांजर, शिवाय शेजारच्या शाकाहारी काकूंशी जिन्यात बोलणं टाळावं लागतं.

एवढं करूनही काही डबे उरतीलच, कुणालाच न आवडणाऱ्या प्रकाराचे. ते वेळेत वाटून टाका, मुदत संपायच्या आठवड्यात नाही, किमान दोन-तीन महिने आधी. मोहिमेवर निघालेला एखादा ग्रुप, वसतिगृहातली मुलं, बोटीवर जाणारा शेजारी यांना विचारा. संस्थेला द्यायचे असतील तर तिथे मांसाहार चालतो का आणि कोणतं मांस चालतं हे आधी फोनवर विचारून घ्या. सोसायटीतल्या कुत्र्या-मांजरांना मात्र हे घालू नका. त्यांच्या शरीराला एवढं मीठ झेपत नाही, आणि काही डब्यांत कांदा-लसणाची पूड असते, ती त्यांना विषारी ठरते.